गिचिन फुनाकोशी : शुरीचे शाळामास्तर

जपानच्या दक्षिण टोकापासून तैवानकडे जी लहान लहान बेटांची माळ पसरली आहे, तींतील सर्वांत मोठें बेट ओकिनावा. तेथें पूर्वीं ऱ्यूक्यू राजांचें राज्य होतें. १८७९ सालीं जपाननें तें खालसा केलें. या राज्याच्या शुरी नामक राजधानींत १० नोव्हेंबर १८६८ रोजीं एका लहानशा सरदार घराण्यांत एक मूल दिवस पुरे भरण्यापूर्वींच जन्मास आलें. तें इतकें अशक्त होतें कीं, तें फार दिवस वांचेल असें घरांत कोणासच वाटेना. शेवटीं त्याला आजोळीं नेऊन ठेवलें व आजी-आजोबांनींच त्याला लहानाचें मोठें केलें. पुढें हेंच मूल अठ्ठ्याऐंशी वर्षें जगलें, आणि पांढरा पोशाख व रंगीत पट्टे घालून मुलें-मुली आज गांवोगांव जी विद्या शिकतात, त्या कराटेचे आद्य प्रवर्तक म्हणून जगभर प्रसिद्धीस आलें. त्यांचें नांव गिचिन फुनाकोशी.

प्राथमिक शाळेंत त्यांच्या वर्गांत आझातो नांवाच्या एका मोठ्या घराण्यांतील मुलगा होता. त्याचे वडील अंको आझातो हे कराटेंत निष्णात. अशक्त गिचिनला त्यांनीं शिष्य म्हणून पत्करलें. पुढें त्यांचेच स्नेही अंको इतोसु यांचाही लाभ त्याला झाला. त्या काळीं ही विद्या उघडपणें शिकवीत नसत. म्हणून रात्र पडली कीं हा मुलगा हातांत कंदील घेऊन अंधारांतून गुरुगृहीं जाई, आणि पुष्कळदां पहांट होण्याच्या सुमारास घरीं परते. गुरु पडवींत ताठ बसत आणि शिष्य अंगणांत तीच ती ‘काता’ पुनःपुन्हां करी. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची एकट्यानें करावयाची मालिका. एक काता गुरूंच्या मनास पूर्ण उतरेपर्यंत दुसरी मिळत नसे. मग त्यास महिने लागोत कीं वर्षें लागोत. ‘तेक्की’ या नांवाच्या तीन काता शिकण्यांत फुनाकोशींचीं दहा वर्षें गेलीं. आजच्या विद्यार्थ्यांना एक धडा दोन दिवस चालला तरी कंटाळा येतो, हें येथें सहज आठवतें.

या तेक्कीकडे थोडें लक्ष द्यावें, कारण पुढील सर्व कथेचें बीज तींत आहे. घोड्यावर मांड ठोकावी तसे पाय फांकून उभें राहावयाचें आणि खेंकड्याप्रमाणें आडवें सरकावयाचें. पहिल्या तेक्कींत पाय उचलला जातो, पण तो कोणाच्या डोक्यावर जात नाहीं. पाऊल आंतल्या बाजूनें दुसऱ्या मांडीपर्यंत येतें व लाट फिरावी तसें लगेच मागें फिरून जमिनीवर येतें. ओकिनावाच्या जुन्या कराटेंत कांहीं उडीच्या लाथा आहेत, हें खरें. परंतु बहुतेक लाथा कंबरेच्या खालींच मारावयाच्या. समोरची लाथ मारतांना प्रथम गुडघा वर उचलावयाचा, मग नडगी पुढें फेंकून चवड्यानें आघात करावयाचा आणि पाय खालीं ठेवण्यापूर्वीं तो झटकन मागें ओढून घ्यावयाचा. या ओढून घेण्यावरच जुन्या शिक्षकांचा भर असे. पाय हातापेक्षां लांब आणि कितीतरी बळकट. परंतु तो उचलला कीं माणूस एका पायावर उभा राहतो, आणि तो पाय प्रतिपक्ष्याच्या हातीं सांपडला कीं सारें संपलें. लाथ जितकी उंच, तितका हा धोका मोठा.

फुनाकोशींच्या मनांत वैद्य होण्याचें होतें. परंतु त्या सुमारास जपानी सरकारनें पुरुषांनीं डोक्यावर शेंडीचा बुचडा ठेवण्याची जुनी चाल बंद केली होती, आणि त्यांचें घराणें जुन्या चालीस चिकटून राहणारें. बुचडा कापल्यावांचून वैद्यकीय शाळेंत प्रवेश नाहीं, आणि घरच्यांची संमती नाहीं. तो विचार तेथेंच राहिला. १८८८ सालीं मात्र त्यांनीं शिक्षकाची नोकरी पत्करली आणि तीसाठीं बुचडा कापला. तो पाहून आईबापांना जबर धक्का बसला. यानंतर सुमारें तीस वर्षें त्यांनीं शाळांतून मुलांना शिकविलें. वेतन अल्प, कुटुंब मोठें. त्यांची पत्नी कापड विणून व भाजीपाला पिकवून संसारास हातभार लावीत असे.

या काळांतील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एकदां ते पितरांच्या देव्हाऱ्यापुढें ठेवण्यासाठीं गोड पक्वान्न घेऊन रात्रीं चालले असतां वाटेंत दोघां दांडग्यांनीं त्यांना अडविलें. ज्याचा हात व पाय अनेक वर्षांच्या मेहनतीनें तयार झालेला, त्याला या दोघांना लोळविणें अवघड नव्हतें. फुनाकोशींनीं हातांतील पक्वान्न त्यांच्या हवालीं केलें आणि ते निमूटपणें पुढें गेले. दुसऱ्या दिवशीं ही हकीकत ऐकून दोन्ही गुरूंना संतोष झाला. शिष्यानें काय केलें यापेक्षां काय केलें नाहीं, याचीच त्यांनीं किंमत केली.

विसाव्या शतकाच्या आरंभीं शिक्षणखात्याचा एक वरिष्ठ अधिकारी शाळातपासणीस आला असतां त्याच्यासमोर कराटेचे प्रयोग झाले, व लवकरच ओकिनावाच्या शाळांत ही विद्या व्यायाम म्हणून सुरू झाली. इतोसु यांनीं शाळकरी मुलांसाठीं पांच सोप्या काता रचल्या. त्यांना प्रथम ‘पिनान’ म्हणत. फुनाकोशींनीं पुढें जपानी उच्चाराप्रमाणें ‘हेइआन’ म्हटलें. नांवाचा अर्थ शांतता. रात्रीच्या काळोखांतील विद्या अशा रीतीनें शाळेच्या पटांगणावर आली. ती मुलांच्या हातीं द्यावयाची म्हणजे तिचे दांत थोडे काढूनच देणें भाग होतें, आणि फुनाकोशींना त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं. ते प्रथम शिक्षक होते आणि नंतर लढवय्ये.

१९२१ च्या मार्च महिन्यांत जपानचे युवराज हिरोहितो यूरोपच्या प्रवासास जातांना ओकिनावांत उतरले, तेव्हां शुरीच्या किल्ल्यांत फुनाकोशींच्या देखरेखीखालीं त्यांना कराटे दाखविण्यांत आलें. पुढील वर्षीं टोकिओंत शारीरिक शिक्षणाचें राष्ट्रीय प्रदर्शन भरलें, त्यांतही ते गेले. काम आटोपून ते परत निघणार, तोंच जुदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनीं आपल्या कोदोकान व्यायामशाळेंत त्यांस प्रयोग करावयास बोलाविलें. मग आणखी कोणी आग्रह केला, आणि चार दिवसांसाठीं आलेला हा त्रेपन्न वर्षांचा गृहस्थ टोकिओंतच राहिला. पूर्वजांच्या समाधींची व नित्य विधींची सेवा सोडून येणें पत्नीच्या मनास पटेना. ती ओकिनावांतच राहिली.

टोकिओंत ओकिनावाच्या विद्यार्थ्यांचें मेइसेइ-जुकु नांवाचें वसतिगृह होतें. त्यांतील एका लहानशा खोलींत फुनाकोशी राहत, दिवसा खोल्या व अंगण झाडीत आणि सायंकाळीं कराटे शिकवीत. एकदां एक बातमीदार त्यांस भेटावयास आला. अंगण झाडणाऱ्या म्हाताऱ्यास त्यानें फुनाकोशी कोठें आहेत म्हणून विचारलें. म्हातारा आंत गेला, कपडे बदलून बाहेर आला व त्यानें पाहुण्यास रीतसर अभिवादन केलें; तेव्हां बातमीदाराची काय अवस्था झाली असेल तें वाचकांनींच ताडावें. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपांत त्यांचे कित्येक विद्यार्थी नाहींसे झाले, आणि त्यांच्या पहिल्या ग्रंथाचे छपाईचे ठसेही नष्ट झाले. पोटासाठीं त्यांनीं एका बँकेंत नकला काढण्याचे कागद तयार करण्याचें काम कांहीं काळ केलें. तरी १९२४ सालीं केइओ विद्यापीठांत कराटेचें मंडळ स्थापन झालें आणि त्याच वर्षीं त्यांनीं कानोंच्या पद्धतीस अनुसरून पहिले काळे पट्टे दिले. कराटे या शब्दाचा पूर्वीं ‘चिनी हात’ असा अर्थ होई. तोच उच्चार ठेवून त्यांनीं ‘रिकामा हात’ या अर्थाचें अक्षर स्वीकारलें. ओकिनावांतील पुष्कळ जुन्या मंडळींस तें रुचलें नाहीं.

परंतु खरा मतभेद निराळाच होता. विद्यापीठांतील तरुणांना नुसत्या काता पुरेशा वाटेनात; त्यांना झुंज पाहिजे होती. टोकिओ विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं छातीस व तोंडास संरक्षक साधनें बांधून सामने सुरू केले. फुनाकोशींना हें इतकें असह्य झालें कीं, १९३० च्या सुमारास त्यांनीं त्या मंडळाशीं संबंध सोडला. हरजीत आली कीं विद्येचा हेतु बदलतो, असें त्यांचें ठाम मत होतें. तें सर्वस्वीं बरोबर होतें असें म्हणवत नाहीं, कारण तरुणांस कांहीं कसोटी पाहिजेच. पण तें चुकीचें होतें असेंही पुढील इतिहास पाहतां म्हणवत नाहीं.

त्यांच्या घरांतच पाय वर चढूं लागला होता. त्यांचा मुलगा गिगो याला लहानपणींच क्षयाची बाधा झाली होती. आयुष्य थोडें आहे हें जाणूनच कीं काय, तो विलक्षण आवेशानें मेहनत करी. बापाच्या पद्धतींत पवित्रे आखूड व उंच. गिगोनें ते लांब व खोल केले. बाजूनें मारावयाची व अर्धवर्तुळांत फिरवून मारावयाची अशा लाथा त्यानें वाढविल्या व उंच नेल्या. एकच उदाहरण पुरे आहे. हेइआनपैकीं दुसऱ्या कातेंत ओकिनावाचे लोक जेथें समोरची साधी लाथ मारतात, तेथें फुनाकोशींच्या परंपरेंत आज पावलाच्या बाहेरच्या कडेनें बाजूची लाथ मारतात. हा बदल गिगोचाच मानला जातो. सामन्यांवरून विद्यापीठाशीं संबंध तोडणाऱ्या वडिलांनीं आपल्या शाळेची शिकवणूक मात्र याच मुलाच्या हातीं दिली.

त्या वेळीं कोरिया जपानच्या अंमलाखालीं होता, आणि पुष्कळ कोरियन तरुण उच्च शिक्षणासाठीं टोकिओंत येत. त्यांपैकीं वोन-कुक ली यानें फुनाकोशींपाशीं अध्ययन केलें व १९४४ सालीं सोल शहरांत चुंग-दो-क्वान ही शाळा काढली. तेथें हेइआन काताच ‘प्योंग-आन’ या कोरियन नांवानें शिकवीत. १९५५ सालीं सेनापति होंग-ही चोई यांच्या पुढाकारानें या विद्येस ‘तायक्वांदो’ हें नांव मिळालें. त्याचा अर्थ पाय, मूठ व मार्ग. कोरियांत ‘तेक्क्योन’ नांवाचा पायांचा एक जुना खेळ आहे. त्याचा वारसा नव्या विद्येंत किती व टोकिओचा किती, याविषयीं विद्वानांत वाद आहे. परंतु नांवांतच पायास पहिला मान मिळाला, हें कोणासही दिसेल.

दोन्ही विद्यांतील फिरती लाथ शेजारीं ठेवून पाहिली तर फरक समजतो. कराटेंत तिला मावाशी-गेरी व तायक्वांदोंत डोल्यो-चागी म्हणतात. जुन्या कराटेंत आघात चवड्याचा, उभें राहणें खोल व स्थिर, आणि हात पहाऱ्यावर. लाथ हें गुद्द्यांच्या जोडीचें एक शस्त्र. तायक्वांदोचा खेळाडू उंच व अरुंद पवित्र्यांत चवड्यांवर नाचत असतो. तो जमिनीवरचें पाऊल इतकें फिरवितो कीं टांच प्रतिपक्ष्याकडे होते. कंबर पूर्ण उलटते आणि पावलाची वरची बाजू डोक्यापर्यंत सहज पोंचते. याचें कारण केवळ अंगचा लवचिकपणा नव्हे. सामन्यांत तोंडावर गुद्दा मारण्यास बंदी, धडावरच्या गुद्द्यास एक गुण, धडावरच्या लाथेस दोन आणि डोक्यावरच्या लाथेस तीन. मग हात खालीं आणि पाय वर जाणारच. अलीकडच्या कराटे सामन्यांतही डोक्यावरच्या लाथेस तीनच गुण आहेत, परंतु तोंडाकडे येणाऱ्या गुद्द्याचें भय तेथें कायम असल्यामुळें पाय उचलण्यापूर्वीं खेळाडू दोनदां विचार करतो.

फुनाकोशींना यांतील फारच थोडें पाहावयास मिळालें. शिष्यांनीं वर्गणी करून बांधलेली त्यांची शोतोकान ही शाळा १९४५ च्या बाँबहल्ल्यांत जळून गेली. ‘शोतो’ हें त्यांचें कवितेंतील नांव. शुरीजवळच्या पाइन वृक्षांतून वारा वाहतांना लाटांसारखा जो आवाज होई, त्यावरून त्यांनीं तें घेतलें होतें. त्याच वर्षीं गिगो क्षयानें वारला. ओकिनावा रणभूमि झाल्यामुळें पत्नी निर्वासित होऊन क्यूशू बेटावर आली होती. इतक्या वर्षांच्या ताटातुटीनंतर पतिपत्नी तेथें एकत्र आलीं, पण तीही १९४७ सालीं निवर्तली. ऐंशीच्या घरांतील हा वृद्ध पुन्हां टोकिओस आला आणि पुन्हां शिकवूं लागला. २६ एप्रिल १९५७ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत त्यांच्या शिष्यांच्या संघानें पहिले अखिल जपान कराटे सामने भरविले. तायक्वांदोला २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकांत पदकाच्या खेळाचें स्थान मिळालें. कराटेची पाळी टोकिओंत २०२१ सालीं आली. तेथें झुंजीबरोबर कातेचेही सामने झाले, आणि पुरुषांच्या कातेचें सुवर्णपदक ओकिनावाच्या र्‍यो कियुना यानें मिळविलें. समोर कोणी प्रतिपक्षी नसतां त्यानें तें एकट्यानें करून दाखविलें.