अमूर्ताचा पारखी

उमेदीची सारी वर्षे गणितात घालवलेल्या माणसाने त्रेसष्टाव्या वर्षी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक व्हावे, ही घटना विरळाच. आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांच्या बाबतीत ती घडली. १५ फेब्रुवारी १८६१ रोजी इंग्लंडमधील रॅम्सगेट येथे जन्मलेले व्हाइटहेड १८८० मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले आणि पुढे तेथेच अध्यापक झाले. एकेकाळचे शिष्य बर्ट्रांड रसेल यांच्यासह सिद्ध केलेला ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ (१९१०-१३) हा त्रिखंडात्मक ग्रंथ सर्वश्रुत आहे. तो साद्यंत वाचणारे मात्र थोडे.

१९१० मध्ये ते लंडनला आले आणि त्यांचे चिंतन निसर्गाकडे वळले. भूमितीतला बिंदू कोणी पाहिला आहे? लांबी-रुंदी नसलेली वस्तू अनुभवास येतच नाही. अनुभवास येतात त्या विस्तार असलेल्या घटना. एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी, अशा लहान होत जाणाऱ्या घटनांच्या अनंत मालिकेतून त्यांनी बिंदूची व्याख्या केली. बिंदू हा अनुभवातून काढलेला अर्क ठरला, विश्वाची वीट नव्हे.

मार्च १९१८ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा एरिक हा वैमानिक युद्धात मारला गेला. पुढच्याच वर्षी निसर्गज्ञानाच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथ त्यांनी त्याला अर्पण केला. दुःखाचा आणि सिद्धांताचा थेट सांधा जोडणे उतावीळपणाचे होईल; पण जगणे सूत्रात मावत नाही, ही जाणीव त्यांच्या नंतरच्या लेखनात सतत दिसते.

१९२४ मध्ये ते हार्वर्डला गेले. १९२५ च्या ‘सायन्स अँड द मॉडर्न वर्ल्ड’मध्ये त्यांनी सतराव्या शतकातील विज्ञानाची चिकित्सा केली. त्या विज्ञानाने निसर्गात फक्त अवकाशातील जडद्रव्य ठेवले. रंग, गंध, नाद यांची रवानगी मनात केली. हिशेबासाठी ही काटछाट कमालीची उपयुक्त होती. चूक झाली ती काटछाटीतून उरलेल्या सांगाड्यालाच वास्तव मानण्यात. तापाचा आलेख डॉक्टरला हवाच. पण तो म्हणजे रुग्ण नव्हे. अमूर्तीकरणावाचून विचार अशक्य, हे या गणितज्ञाला कोणी सांगायला नको होते. म्हणूनच प्रत्येक अमूर्त कल्पनेने काय वगळले, याची झडती घेणे हे त्यांनी तत्त्वज्ञानाचे काम मानले.

एडिंबरा येथील व्याख्यानांतून साकारलेला ‘प्रोसेस अँड रिअ‍ॅलिटी’ (१९२९) हा त्यांचा सर्वांत महत्त्वाकांक्षी ग्रंथ. वस्तूंऐवजी घडण्याला त्यात मूलस्थान आहे. त्यातील नव्या परिभाषेचे अरण्य मात्र अभ्यासकांनाही चकवते. अमूर्ताबद्दल सावध करणाऱ्याचाच ग्रंथ इतका अमूर्त व्हावा, हा दैवदुर्विलासच.

३० डिसेंबर १९४७ रोजी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे ते निवर्तले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची खासगी कागदपत्रे नष्ट करण्यात आली.