पवळाबाईंची राधा आणि आमची रमाई

एप्रिल जवळ आला की पनवेलच्या वस्त्यावस्त्यांतून रात्री उशिरापर्यंत ढोलकी ऐकू येते. जयंतीच्या तालमी सुरू झालेल्या असतात. यंदा आमच्या परिचयाच्या एका मंडळाने माता रमाईंच्या जीवनावर नाटक बसवायला घेतले आणि आम्हाला तालमीला बोलावले. गेलो तर तालीम बाजूलाच राहिलेली आणि भांडण रंगलेले. रमाईंच्या भूमिकेसाठी वस्तीतलीच एक मुलगी पुढे आली होती. कॉलेजात शिकणारी, पाठांतर चोख, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. पण दोन-चार कार्यकर्त्यांचे म्हणणे पडले की पोरगी फार काळी आहे, स्टेजवर उठून दिसणार नाही. तिला गोवऱ्या थापणाऱ्या बाईचे काम द्यावे आणि रमाईसाठी मानधन देऊन बाहेरून एखादी गोरी नटी आणावी. त्यावर दुसऱ्या बाजूचा एक जण उसळला. बाहेरून म्हणजे कोणत्या जातीची आणणार? परजातीची बाई रमाई होणार असेल तर आमची वर्गणी परत करा, असा त्याचा पवित्रा.

म्हणजे एकाच तालमीत रंगही निघाला आणि जातही निघाली. आम्हाला हसावे की रडावे ते कळेना. गोवऱ्या थापणाऱ्या बाईचे काम, म्हणे! अरे, रमाईंनी स्वतः गोवऱ्या थापून बाबासाहेबांचा संसार ओढला, हेच तर त्या नाटकात दाखवायचे होते.

घरी येताना आम्हाला सारखी आठवण येत होती ती पवळाबाई हिवरगावकर यांची. हे नाव चळवळीतल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे, नव्या पिढीला बहुधा सिनेमातल्या तमाशापलीकडे काही ठाऊक नाही. पवळाबाईंचा उल्लेख जो तो एकेरी करतो. तमाशातली बाई म्हटली की अहो-जाहो कशाला, अशी आपल्याकडची रीत. आम्ही त्यांना पवळाबाईच म्हणणार.

पवळाबाईंचा जन्म १८७० सालचा, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा या गावचा. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. वडील तबाजी भालेराव. जात महार. गावकुसाबाहेरचे घर, पाणवठा वेगळा, सावलीचाही विटाळ. अशा घरातली ही मुलगी खंडोबाला मुरळी म्हणून सोडली गेली. देवाला सोडली म्हणजे काय झाले, हे आमच्या वाचकांना फोड करून सांगायला नको. देवाच्या नावाने मुलीचे लग्न लागते, नवरा दगडाचा, आणि तिच्यावर हक्क मात्र गावातल्या हाडामांसाच्या पुरुषांचा. या प्रथेत बळी कोणाच्या मुली जायच्या? महार-मांगांच्या आणि तळाच्या जातींच्या. देवाला उच्चवर्णीयाची मुलगी वाहिल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

मुरळीचे गाणे आणि नाच अंगात मुरलेली ही मुलगी हरिबाबा घोगरगावकर यांच्या फडात आली. इथे जरा थांबले पाहिजे, कारण घडले ते साधे नव्हते. तोवर तमाशात बाई नव्हतीच. बाईचे काम नाच्या करी. लुगडे नेसलेला, चाळ बांधलेला, कमरेत लचकणारा पोरगा. राधा तोच, गवळण तोच, राणीही तोच. पवळाबाई बोर्डावर उभ्या राहिल्या आणि बाईचे काम बाईने केले. तमाशातल्या पहिल्या स्त्री कलावंत म्हणून त्यांचे नाव घेतले जाते ते यासाठी.

आता गंमत पाहा. याच काळात पांढरपेशांच्या संगीत नाटकात काय चालले होते? नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि पुढे १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुरुषाने शालू नेसून स्त्री व्हायचे आणि घरंदाज बायकांनी त्यांच्यासारखे लुगडे नेसायला, गजरा माळायला शिकायचे. ती झाली कला! बालगंधर्वांची थोरवी आम्ही नाकारत नाही, त्यांचा गळा होताच तसा. प्रश्न एवढाच की ब्राह्मण पुरुष स्त्री झाला तर नटसम्राट, आणि महाराची बाई बाईच राहून राधा झाली तर नाचणारीण. हा न्याय कोणत्या रंगभूमीच्या शास्त्रात बसतो?

पवळाबाईंच्या आयुष्यात पुढे पठ्ठे बापूराव आले. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्यांचे खरे नाव, जन्म १८६६, वाळवा तालुक्यातले रेठरे हरणाक्ष हे गाव. घरात कुलकर्णीपद, ब्राह्मण कूळ. या माणसाला कवनांचे वेड लागले आणि तो वतनदारी सोडून अस्पृश्यांच्या फडात सामील झाला. जातीने त्यांना टाकले. त्यांच्या लावण्या, वग आणि पवळाबाईंचा गळा व अदाकारी यांची गाठ पडली आणि मुंबईपर्यंत त्यांचे नाव गाजले. नामचंद पवळा ही त्यांची ओळख झाली. बापूरावांचा मिठाराणीचा वग राजर्षी शाहू महाराजांपुढेही झाला.

गवळणीत पवळाबाई राधा व्हायच्या, वगात राणी. समोर बसलेल्या पाटील, देशमुख, सावकार मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट करायचा. ज्या बाईने त्यांच्या विहिरीत पोहरा टाकला असता तर गाव पेटले असते, ती बोर्डावर कृष्णाची राधा होती आणि कोणाचा देव बाटत नव्हता! राधेच्या मुखातून पवळाबाई बोलत असताना राधेची जात कोणी विचारली नाही. ढोलकी थांबली, मशाल विझली की मात्र पवळाबाईंची जात सगळ्यांना आठवायची.

तमाशाला हे जमते, कारण तमाशा कोणाला फसवत नाही. पडदा नाही, महाल नाही. उघड्यावरची चार हात जागा. एक माणूस येतो आणि सांगतो की मी कृष्ण. दुसरा वाकडातिकडा चालत पेंद्या होतो. मावशी तर आजही पुरुषच करतो, डोक्यावरून पदर घेतो आणि मिशीसकट मावशी होतो. प्रेक्षकाला ठाऊक असते की हा आपल्याच पंचक्रोशीतला अमका आहे, तरी तो मावशीवर हसतो. नट भूमिकेसारखा दिसला पाहिजे, हा आग्रह मुळात आमच्या मातीतला नाहीच. तो नंतर आला, सिनेमाबरोबर बळकट झाला. आणि सिनेमाने केले काय? तमाशातली बाई पडद्यावर दाखवायची तर पिंजरा चित्रपटात १९७२ साली संध्याबाई आल्या. त्या नाचल्या उत्तम, वाद नाही. पण ज्यांच्या पिढ्या चाळ बांधून झिजल्या त्या बायांच्या वाट्याला पडद्यावरची आपलीच भूमिका सहसा आली नाही.

परजातीच्या नटाने आपल्या महापुरुषाची भूमिका करावी की नाही, यावर आमच्या त्या वर्गणीवाल्या मित्राला आम्ही मामुट्टींचे उदाहरण देऊ. जब्बार पटेल यांच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर या चित्रपटात बाबासाहेब झाले ते केरळचे मुसलमान नट. मराठी त्यांची भाषा नव्हे. रमाई झाल्या सोनाली कुलकर्णी. मामुट्टींना त्या भूमिकेसाठी १९९८ सालचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. आमच्या वस्त्यांतून हा चित्रपट सीडीवर, चौकात पडदा लावून किती वेळा पाहिला गेला याची गणती नाही. आयाबाया पडद्यासमोर हात जोडून बसलेल्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत. तेव्हा कोणी मामुट्टींचा दाखला तपासला होता काय?

पण ही वाट एकाच दिशेने वाहते, आमचे दुखणे तिथे आहे. त्याच केरळात १९३० च्या सुमारास पी. के. रोझी नावाच्या एका दलित स्त्रीने मल्याळम भाषेतल्या पहिल्या चित्रपटात काम केले. विगतकुमारन हे त्याचे नाव, दिग्दर्शक जे. सी. डॅनियल. रोझींनी नायर घराण्यातल्या स्त्रीची भूमिका केली होती. झाले! पुलया जातीची बाई पडद्यावर नायर बाई होते म्हणजे काय, म्हणून सवर्णांनी पडद्यावर दगड फेकले. रोझींचे घर जाळले. त्यांना गाव सोडून पळावे लागले, पुढचे सारे आयुष्य त्यांनी दुसऱ्या मुलखात, आपली ओळख लपवून काढले. वरच्या जातीच्या नटाने आपला माणूस साकारला तर ती कला. आपल्या माणसाने वरच्या जातीचा माणूस साकारला तर तो गुन्हा. पवळाबाईंचे घर कोणी जाळले नाही, कारण त्यांनी राधा व्हावे आणि खेळ संपल्यावर पुन्हा गावकुसाबाहेर जावे, यात गावाची सोय होती.

म्हणून चळवळीने पवळाबाईंच्या बोर्डाकडे पाठ फिरवली. इथे आम्हाला आमच्याच लोकांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूराव आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न द्यायला बाबासाहेबांकडे आले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही १९२७ ची हकिकत चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आमच्या पनवेलवरूनच तर महाडचा रस्ता जातो. आमच्या समाजाच्या स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा समाजाच्या मुक्तीला चालणार नाही, हा त्या नकाराचा अर्थ. तो बरोबरच होता. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांची सभा घेतली आणि तो लाजिरवाणा धंदा सोडून स्वाभिमानाने जगायला सांगितले. पवळाबाई त्या वेळी हयात होत्या. ज्या प्रथेने त्यांना लहानपणी गिळले, तिच्याविरुद्ध असा आवाज त्यांच्याच समाजातून उठत होता.

याच काळात भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे आले. राधा-कृष्णाची छेडछाड गेली, तिच्या जागी पाणवठ्याचा, शिक्षणाचा, धर्मांतराचा प्रश्न आला. बाई मात्र बोर्डावरून उतरली. जलशातली स्त्रीपात्रे पुरुष करू लागले. त्या काळी ते आवश्यक होते, कारण आपली आयाबहीण गावापुढे उभी राहिली की गाव तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहते ते सर्वांना ठाऊक होते. पण म्हणून पवळाबाई आमच्या लाजेच्या खात्यात जमा व्हाव्यात काय? लाज वाटायची ती त्यांना देवाला सोडणाऱ्या व्यवस्थेला वाटावी. प्रथेचा धिक्कार करताना आम्ही त्या बाईंनाही अंधारात ढकलले, हे कबूल करायला काय हरकत आहे? लावण्यांवर नाव बापूरावांचे राहिले. ग्रंथांत, चित्रपटांत कथा बापूरावांच्या त्यागाची झाली, ब्राह्मणाने महारणीसाठी जात सोडली, केवढे हे धाडस! जिला सोडायला जात नव्हती, घरही नव्हते, तिच्या धाडसाचे माप कोणी काढले नाही. १९३९ साली पवळाबाई गेल्या. बापूराव १९४५ साली पुण्यात हलाखीत वारले.

त्यांच्या रूपाबद्दल मात्र भरभरून लिहिले गेले आहे. रंग, डोळे, चेहरा. लिहिणारे सगळे पुरुष. त्यांचे गाणे कसे होते, ताल कसा होता, फडावर हुकमत कशी होती, याबद्दल चार ओळी हाती लागल्या तर नशीब. बाईच्या कलेऐवजी तिचा रंग पाहण्याची ही खोड जुनी आहे. ती आमच्या मंडळाच्या तालमीपर्यंत येऊन पोचली, एवढेच नवे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तालमीला गेलो. पवळाबाईंची ही सगळी हकिकत पोरांना सांगितली. भांडण लगेच मिटले असे नाही. वर्गणीवाला मित्र मामुट्टींपाशी गप्प झाला, पण गोऱ्या नटीचा आग्रह धरणारे आणखी दोन दिवस हटून बसले होते. शेवटी ज्येष्ठ महिला मंडळाच्या बायांनी निकाल दिला. त्यांनी त्या मुलीला एक प्रवेश करून दाखवायला लावला, राजरत्न गेल्यानंतरचा. प्रवेश संपल्यावर एकही बाई बोलली नाही, एकीने फक्त आपल्या घरून जुने नऊवारी आणून तिच्या हातात दिले.

प्रयोगाच्या दिवशी भाड्याने बोलावलेल्या रंगभूषाकाराने पेटी उघडली. गोऱ्या रंगाच्या तीन छटा होत्या, त्या मुलीच्या रंगाची एकही नव्हती. तो बिचारा दोन रंग एकत्र कालवत बसला. मुलीने थोडा वेळ वाट पाहिली, मग तोंड धुतले, कुंकू लावले आणि पदर डोक्यावर घेऊन तशीच विंगेत जाऊन उभी राहिली.