र. धों. कर्वे आणि न बोलला जाणारा प्रश्न

बिद्रीकडचे एक जोडपे परवा ओपीडीत आले. नवऱ्याने आठ वर्षांपूर्वी नसबंदी करून घेतली होती. पुढे एक मूल आजारपणात गेले. आता पुन्हा मूल व्हावे, ही दोघांची इच्छा. पण विचारताना नवऱ्याची मान खाली आणि नजर दाराकडे, कुणी ऐकत तर नाही ना! ही लाज मोडण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या र. धों. कर्वे यांची मला आठवण झाली.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातल्या मुरूडचा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. मुलगा हुशार, १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिला आला. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन ते पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवू लागले.

लागोपाठच्या बाळंतपणांनी बायका खंगतात, हे ते पाहत होते. मूल कधी आणि किती, हे जोडप्याने ठरवावे, असे त्यांचे मत. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचेही केंद्र सुरू झाले, यावरून कर्वे काळाच्या किती पुढे होते हे कळते. या मतांपायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई मात्र ठामपणे पाठीशी राहिल्या. या दोघांनी स्वतः मूल न होऊ देण्याचे ठरवले होते.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. वाचकांच्या लैंगिक शंकांना ते आडपडदा न ठेवता उत्तरे देत. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावा लागला. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. निकाल विरुद्ध गेला, २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र थांबले नाही. पदरमोड करून त्यांनी ते अखेरपर्यंत चालवले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता.

आता त्या जोडप्याचा प्रश्न. नसबंदीत वृषणातून शुक्राणू वाहून नेणारी नळी कापून बांधतात. वृषण आपले काम करतच राहते. तयार होणारे शुक्राणू शरीरात जिरून जातात. पुरुषी संप्रेरक रक्तात मिसळत असल्याने पौरुष कमी होत नाही. कापलेली नळी सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने पुन्हा जोडता येते. जितका उशीर, तितके यश कमी. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात नसबंदीनंतर तीन वर्षांच्या आत जोडणी केलेल्यांपैकी सुमारे ९७ टक्के पुरुषांत शुक्राणू परतले आणि ७६ टक्के जोडप्यांत गर्भ राहिला. तीन ते आठ वर्षांत हे आकडे ८८ आणि ५३, तर पंधरा वर्षांनंतर ७१ आणि ३०. शुक्राणू परतले म्हणजे मूल होईलच असे नाही. पत्नीचे वयही तितकेच महत्त्वाचे, म्हणून तिचीही तपासणी आधी व्हावी. वीर्यात शुक्राणू दिसायला काही महिने लागू शकतात. जोडणी फसली, तर वृषणातून शुक्राणू काढून टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग उरतो. तो खर्चिक आहे.

म्हणून नसबंदी करताना ती कायमचीच समजून करावी. हे सगळे सांगून झाल्यावर नवऱ्याने मान वर केली आणि बायकोने पुढचा प्रश्न विचारला. कर्वे यांना हवे होते ते एवढेच: दोघांनी मिळून विचारावे, आणि कुणीतरी सरळ उत्तर द्यावे.