धन्यवादित निकोलस स्टेनो : वैद्य, शास्त्रज्ञ आणि बिशप

आपल्यापैकीं बहुतेकांना बाप्तिस्मा पाळण्यांत असतांनाच मिळाला. श्रद्धा आपणांस आईच्या दुधाबरोबर लाभली. त्यामुळें जो मनुष्य ऐन तारुण्यांत, लौकिक मिळविल्यावर, पवित्र सभेच्या दारीं येऊन उभा राहतो, त्याला तें पाऊल किती जड जात असेल याची कल्पना आपणांस सहसा येत नाहीं. ज्युबिलीच्या या अंकांत अशाच एका पुरुषाचें चरित्र देत आहें.

निल्स स्टेन्सन, लॅटिन वळणानें निकोलस स्टेनो, यांचा जन्म १६३८ सालीं कोपनहेगन येथें एका लूथरपंथी सोनाराच्या घरीं झाला. बालपण आजारांत गेलें. वडील लवकर वारले. वैद्यकाचा अभ्यास करून ते हॉलंडांत गेले. १६६० सालीं अ‍ॅम्स्टरडॅम येथें मेंढीचें डोकें चिरीत असतां गालांतून तोंडांत लाळ आणणारी नलिका त्यांना सांपडली. वय अवघें २२. ती नलिका आजही त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. पुढें, हृदय हाही इतर स्नायूंसारखाच एक स्नायु आहे, असें त्यांनीं दाखवून दिलें. एवढें करून मायदेशीं परतले, तों विद्यापीठांतील ज्या जागेची आशा होती ती दुसऱ्यालाच मिळालेली! मग पॅरिस, आणि तेथून १६६६ सालीं फ्लॉरेन्सच्या महाड्यूकांचा आश्रय.

त्याच वर्षीं जूनमध्यें लिव्होर्नो बंदरांत त्यांनीं पवित्र साक्रामेंताची मिरवणूक पाहिली. गांवचे गांव गुडघे टेकीत होतें. स्टेनो रस्त्याच्या कडेला उभे राहून विचार करूं लागले : हा जर नुसता पिठाचा तुकडा असेल, तर एवढे लोक वेडे ठरतात, आणि हें जर खरोखर ख्रिस्ताचें शरीर असेल, तर मी उभा कां? ज्या डोळ्यांनीं ते नलिका व स्नायु शोधीत, त्याच डोळ्यांनीं त्यांनीं हा प्रश्न तपासला. आजच्या वाचकाला हें चमत्कारिक वाटेल. मला मात्र वाटत नाहीं.

थोड्याच महिन्यांनीं त्याच बंदराजवळ कोळ्यांनीं एक प्रचंड शार्क मासा धरला. त्याचें डोकें स्टेनो यांच्याकडे आलें. डोंगरांत सांपडणारे, लोक ज्यांना दगडाच्या जिभा म्हणत, ते दगड म्हणजे अशाच माशांचे दांत असावेत, असें त्यांनीं ताडलें. मग तेथें पूर्वीं समुद्र असला पाहिजे! जमिनीचे थर एकावर एक सांचतात व खालचा थर वरच्याहून जुना, हा नियम त्यांनीं १६६९ सालीं ग्रंथांत मांडला. भूगर्भशास्त्राचा पाया त्यावर उभा आहे.

इकडे मनांतला प्रश्न सुटत नव्हता. एका मठाच्या औषधालयांत काम करणारी सिस्टर मारिया फ्लाविया आणि लाविनिया आर्नोल्फिनी नांवाची एक कुलीन बाई, या दोघी त्यांच्याशीं श्रद्धेबद्दल मोकळेपणानें बोलत. स्टेनो यांनीं जुने ग्रंथ मूळ भाषांत पडताळून पाहिले. अखेर १६६७ सालीं, मृतांच्या दिवशीं, २ नोव्हेंबरला, निश्चय झाला, व त्याच वर्षाच्या शेवटीं ते पवित्र सभेंत आले.

याची किंमत त्यांना भरावी लागली. डेन्मार्कच्या राजानें बोलाविल्यावर १६७२ सालीं ते परतले. पण कॅथोलिकाला प्राध्यापकपद नव्हतें. राजाचे शरीरशास्त्रज्ञ एवढीच पदवी. दोन वर्षांनीं ते पुन्हां फ्लॉरेन्सला आले, आणि १६७५ सालीं धर्मगुरु झाले. शास्त्राचें काम जवळजवळ थांबलें. याबद्दल शास्त्रज्ञ अजून हळहळतात. त्यांचें दुःख अगदींच अनाठायीं नाहीं.

१६७७ सालीं बिशप होऊन ते हॅनोव्हरला व १६८० सालीं म्युन्स्टरला साहाय्यक बिशप म्हणून गेले. तेथें १६८३ सालीं नव्या बिशपांच्या निवडीत पैसा चालला. हें पाहून स्टेनो यांनीं पद सोडलें व ते हॅम्बुर्गला निघून गेले. हा प्रसंग आपलीं मंडळी चरित्रांतून गाळतात. तो गाळूं नये, असें माझें मत आहे.

शेवटचे दिवस जर्मनीच्या उत्तर भागांत श्वेरिन येथें गेले. बिशपची अंगठी व क्रूस विकून पैसा गरिबांना दिलेला, अंगावर जुना झगा, पोटांत असह्य कळा. १६८६ सालीं ४८ व्या वर्षीं ते वारले. देह फ्लॉरेन्सला नेऊन सान लोरेन्झोच्या मंदिरांत ठेवण्यांत आला. २३ ऑक्टोबर १९८८ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केलें.