खासदारकी परत करणारे पानाबरसचे जमीनदार

काँग्रेसच्या तिकिटावर कोणीही उभे राहावे आणि निवडून यावे, असा तो काळ होता. चांदा लोकसभा मतदारसंघानेही १९५२ आणि १९५७ या दोन्ही निवडणुकांत काँग्रेसच्याच पारड्यात मते टाकली होती. १९६२ मध्ये मात्र या मतदारसंघाने सर्वांना चकित केले. कोणत्याही पक्षाचे पाठबळ नसलेले गोंड नेते लालश्याम शाह अपक्ष म्हणून येथून लोकसभेत गेले. हा मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे या विजयाचे मोल कळते.

१ मे १९१९ रोजी जन्मलेले लालश्याम शाह हे पानाबरसचे जमीनदार. पानाबरस ही मोहला-मानपूरच्या जंगलपट्ट्यातली जमीनदारी. आज तो भाग छत्तीसगडमध्ये आहे आणि गडचिरोली जिल्ह्याला लागून आहे. १९५६ पर्यंत दुर्ग आणि चांदा हे दोन्ही जिल्हे एकाच मध्य प्रदेश राज्यात होते. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या, पण गोंडांची सोयरीक, देव आणि बाजार त्या रेषेने तुटले नाहीत. त्यामुळे शेजारच्या राज्यातला हा माणूस चांद्याच्या मतदाराला परका वाटला नाही.

मध्य प्रदेश विधानसभेतही ते होते आणि तेथूनही राजीनामा देऊन बाहेर पडले होते. राजीनाम्याची ही सवय काहींना हेकेखोरपणाची वाटे. परंतु जमीनदारी गेल्यावर त्यांच्या बरोबरीचे अनेक जण सत्ताधारी पक्षाच्या आश्रयाला गेले, तेव्हा शाह यांनी जंगल आणि जमीन हाच आपला विषय मानला, हेही विसरता येत नाही.

मतदारांच्या नाराजीचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. आलापल्लीचे सागवान शासनाच्या तिजोरीत भर घालत होते, बल्लारपूरच्या कागद कारखान्याला याच भागातला बांबू जात होता. त्या मानाने विहीर, शाळा, दवाखाना यांच्या रूपाने जंगलातल्या गावाकडे परत येणारे फार थोडे होते. त्यातच १९६२ च्या अखेरीस चीनचे युद्ध झाले. १९६३ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाची तरतूद दुपटीहून अधिक झाली, नवे कर आणि सक्तीची बचत योजना आली. देशाला ते अपरिहार्य होते. पण अशा ओढाताणीच्या वर्षांत ज्यांचा आवाज राजधानीत पोहोचत नाही, त्यांच्या वाट्याची प्रतीक्षा आणखी लांबते.

संघर्षाचा खरा विषय ठरले ते निर्वासितांचे पुनर्वसन. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांसाठी केंद्राने १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू केला होता. १९६४ च्या आरंभी तिकडे दंगली उसळल्या आणि रायपूरजवळच्या माना छावणीत माणसांचे लोंढे येऊ लागले. त्यांच्यासाठी जंगल तोडून जमीन काढली जाणार होती. हे निर्वासित बहुतेक गरीब, दलित शेतकरी होते आणि सर्वस्व गमावून आले होते. त्यांचा दोष काहीच नव्हता. शाह यांचा आक्षेप सरकारवर होता. ज्या भूमीवर आदिवासी पिढ्यान् पिढ्या राहत आले, तिचा निर्णय दिल्लीत होतो आणि त्यांना विचारलेही जात नाही, ही त्यांची तक्रार होती. स्वतः आदिवासीच भूमिहीन असताना त्याच जंगलात इतरांना जमिनी आणि साहाय्य मिळावे, हे त्यांना पटणारे नव्हते.

१९६४ मध्ये त्यांनी लोकसभेचा राजीनामा दिला. या राजीनाम्याने धोरण बदलले नाही. चामोर्शी, मुलचेरा भागात बंगाली गावे वसली आणि ती आजही आहेत. रिकाम्या जागेच्या पोटनिवडणुकीत दिवंगत मुख्यमंत्री मा. सां. कन्नमवार यांच्या पत्नी गोपिकाबाई काँग्रेसतर्फे विजयी झाल्या. पण चांद्याची नाराजी एवढ्याने शमली नाही. १९६७ मध्ये के. एम. कौशिक हे अपक्षच निवडून आले आणि १९७७ मध्ये अहेरीचे राजे विश्वेश्वरराव यांनी काँग्रेसला हरवले.

शाह मात्र पुन्हा संसदेत गेले नाहीत. १० मार्च १९८८ रोजी त्यांचे निधन झाले. मानपूरच्या शासकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. ज्या चंद्रपूर-गडचिरोलीने त्यांना दिल्लीला पाठवले, तेथे मात्र ते नाव आता जुन्या माणसांच्याच तोंडी येते.