यंत्रवेडे शंकर आबाजी भिसे

अमेरिकेत ज्यांना भारताचे एडिसन म्हणत, ते शंकर आबाजी भिसे आपले मराठीच. त्यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईला झाला. लहानपणापासून त्यांना यंत्रांचा भारी नाद. चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी दगडी कोळशापासून गॅस तयार करण्याचे साधन बनवले. कोळसा बंद भांड्यात, हवा लागू न देता तापवला की जळणारा गॅस निघतो. (हा प्रयोग घरी कोणी करू नये, फार धोक्याचा आहे!)

यंत्रविद्या त्यांना शिकवली कोणी? 'सायंटिफिक अमेरिकन' नावाच्या नियतकालिकाने. ते वाचून वाचून स्वारी तयार झाली. पुढे त्यांनी मुंबईत विज्ञानाचे मंडळ काढले. मग लंडनच्या एका मासिकाने स्पर्धा ठेवली. किराणा दुकानातला माल आपोआप मोजून देणारे यंत्र सुचवायचे होते. भिसे यांनी आराखडा पाठवला आणि तिथल्या इंग्रजांना मागे टाकून पहिला नंबर मिळवला. इथूनच विलायतेची वाट उघडली. लंडनला त्यांना दादाभाई नौरोजींनी आसरा दिला.

आता त्यांचे मोठे काम सांगतो. त्या काळी पुस्तक छापायचे म्हणजे एकेक अक्षराचा शिशाचा खिळा लागे. खिळ्यावर अक्षर उलटे असते, म्हणजे कागदावर ते सुलटे उमटते. शिसे, कथील आणि अँटिमनी वितळवून, साच्यात ओतून हे खिळे पाडत. भिसे यांनी खिळे पाडणारे असे यंत्र रचले की मिनिटाला सुमारे १२०० खिळे पडावेत. त्याला भिसोटाइप म्हणत.

हे वाचून मला सीएनसी मशीन आठवले. नगरच्या एमआयडीसीत आपल्याकडचे कितीतरी जण कामाला जातात, त्यांना ते ठाऊक आहे. संगणकात आकडे भरले की हत्यार त्या मापाने आपोआप सरकते आणि लोखंड कापते. आता तर काही हौशी लोक छोट्या मोटरी, आट्यांचे दांडे आणि लाकडी चौकट जुळवून घरीच असे मशीन बनवतात. भिसे यांच्या वेळी संगणक कुठला! सगळी अक्कल चाकांत, दांड्यांत आणि साच्यांतच बसवावी लागे. मला तर तेच जास्त अवघड वाटते.

पण यंत्र डोक्यात असून भागत नाही, पैसा लागतो. दादाभाईंनी स्वतःचे पैसे घातले. हिंडमन नावाच्या इंग्रज पुढाऱ्याने मोठी रक्कम उभी करतो म्हणून सांगितले, पण ती काही उभी राहिली नाही. एवढी वर्षे राबून १९०८ च्या डिसेंबरात भिसे हात हलवत मुंबईला परतले. दुसरा कोणी असता तर नाद सोडून बसला असता. पण परतीच्या बोटीवर त्यांची गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी ओळख झाली. गोखल्यांनी टाटांकडे शब्द टाकला आणि टाटांचा पैसा मिळून काम पुन्हा सुरू झाले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकेला गेले. तिथे न्यूयॉर्कला खिळे पाडणाऱ्या यंत्राची कंपनी निघाली, पण त्यातून म्हणावी तशी कमाई झाली नाही. खरी मिळकत झाली ती आयोडीनच्या एका औषधावर. आहे की नाही गंमत? उभा जन्म यंत्रापायी घालवला आणि हात दिला औषधाने.

७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कलाच त्यांचे निधन झाले. खिळ्यांची छपाई त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालली. मग ऑफसेट आणि संगणक आले, आणि छापखान्यांतले खिळे भंगारात निघाले.