नांगरापासून इंजिनापर्यंत : लक्ष्मणराव किर्लोस्कर

विहिरीवरचे डिझेल इंजिन परभणी जिल्ह्यात कोणी पाहिले नाही? त्यावरील किर्लोस्कर हे नावही आपण वाचले असेल. ते नाव मोठे करणारे लक्ष्मणराव मात्र आपल्या मुलांना फारसे ठाऊक नाहीत.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेत मन रमेना. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे कळले की आपल्याला काही रंगांतील भेद दिसत नाही. होतकरू चित्रकारावर याहून मोठा आघात कोणता? पण यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाहीत! व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते यांत्रिक रेखाटन शिकले, तेथेच शिक्षक झाले. पुढे बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास आले आणि बंधूंसोबत सायकलीच्या दुकानात रमले. मग कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीने शेतकरी नांगराला हात लावीनात. तरी त्यांनी तो सोडला नाही. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल स्टेशनजवळचा माळ दिला. तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

१९४६ साली, पुत्र शंतनुराव यांच्या पुढाकाराने, पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली.

आता विहिरीवरच्या इंजिनाकडे नीट पाहा. त्याच्या झडपा वर असतात, पण त्या उघडणारा कॅमशाफ्ट खाली, क्रँकशाफ्टशेजारी. मधे लांब पुशरॉड. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेते, तेव्हा कॅमशाफ्ट ७५० घेतो. मोटारीचे इंजिन पाच-सहा हजार फेरे घेते. त्या वेगात पुशरॉडचे वजन आड येते, झडप वेळेवर मिटत नाही. म्हणून अशा बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्टच हेडवर बसवितात. मग शेतावर जुनीच रीत का? हिला मागासलेपणा समजू नका. हेड उतरविले तरी खालचे टायमिंग हलत नाही. वरच्या कॅमशाफ्टला साखळी किंवा पट्टा सोडवावा लागतो, पुन्हा खुणा जुळवाव्या लागतात. येथे गावचा मिस्त्री चार पाने घेऊन बांधावरच काम उरकतो. गॅरेजात काळे हात करणाऱ्या आपल्या मुलांनाही हे टायमिंग पुरते समजलेले असते. परीक्षेत ते कोणी विचारीत नाही, एवढेच.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. तोवर त्यांच्या नावाची इंजिने शेतकऱ्यांच्या विहिरींवर धडधडू लागली होती.